ते जाणार नाहीत, असं मी म्हणालो होतो

आमच्या कोथरूडच्या घराच्या वरच्या खोलीत एक अफगाण मुलगा भाड्यानं राहायचा. इंजिनिअरिंगला होता. वडील गेलेले, मी कतारला गेलेलो, आणि वरची खोली रिकामी बघून आईला रडू यायचं, म्हणून ती भाड्यानं द्यायचं ठरलं. त्या मुलाला बऱ्याच ठिकाणी नकार मिळाला होता. आईनंही दिलाच असता. "मटण शिजवणार, मित्र गोळा करणार, नको ग बाई," असं ती त्याच्यासमोरच शेजारणीला म्हणाली. त्याला कळत नाही, असा तिचा समज. तेवढ्यात गॅसवाला सिलिंडर फाटकाशीच टेकवून निघून गेला. या मुलानं काही न बोलता तो खांद्यावर घेतला आणि थेट स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. त्या रात्री आई मला फोनवर म्हणाली, "सिलिंडरचं सोड रे. आत जाताना चपला काढल्या त्यानं. दिली मी खोली."

शिक्षण संपेपर्यंत तो आमच्याकडेच राहिला. आईला काकू म्हणायचा, मला दादा. मराठी शिकला तो आईकडून, त्यामुळे भाषेबरोबर तिची बोलण्याची तऱ्हाही उचलली. एकदा पोस्टमन दोनदा बेल वाजवून उभा राहिला तर हा वरून खाली वाकून म्हणाला, "एकदा वाजवलीत तरी चालतं. या घरात कोणी बहिरं नाही." आईनं हा किस्सा मला किमान दहा वेळा सांगितला असेल. सुट्टीहून येताना तो बदाम आणि वाळवलेली तुती आणायचा. आई ती तुती डिंकाच्या लाडवात घालायची आणि पाहुण्यांना ओळखायला लावायची.

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. माझा स्वभावच तसा, असं घरचे म्हणतात. खरं म्हणजे सांगायला लागलो असतो तर मला कुठंतरी थांबावं लागलं असतं, आणि कुठं थांबायचं ते मला माहीत होतं.

मी कतारला गेलो तो स्टेडियमसाठी. वर्ल्ड कप तिथं होणार हे जाहीर झालं होतं, आणि वाळवंटात उघड्या मैदानावर गारवा कसा करणार म्हणून सगळीकडे थट्टा चालली होती. आम्हा एसीवाल्यांना त्या थट्टेत पुढच्या दहा वर्षांचं काम दिसत होतं. ज्या कंपनीत मी लागलो तिच्याकडे दोन कामं होती. स्टेडियमचं, जे अजून नकाशावरच होतं. आणि शहराबाहेरच्या अमेरिकन लष्करी तळावरच्या कूलिंगच्या देखभालीचं, जे जोरात चालू होतं. तात्पुरतं म्हणून मला तळावर पाठवलं. मी तिथंच राहिलो.

दोह्यातल्या मराठी मंडळींत मी स्टेडियमवाला म्हणून ओळखला जायचो. अल दुहैलला कोणाच्या तरी कंपाउंडमध्ये गणपतीची आरती झाली की प्रसाद घेताना हमखास प्रश्न यायचा, "काय मग, होणार का गार तुमचं मैदान?" मी म्हणायचो, "होईल की." तळाबद्दल बाहेर बोलायचं नाही अशी कंपनीची ताकीद होती, त्यामुळे मला खोटंही बोलावं लागत नसे. लोक स्वतःच समजून घ्यायचे. आईला मात्र मी खरं सांगितलं होतं, आणि तिनं ते वाढवून ठेवलं. "आमचा अमेरिकन मिलिटरीत मोठ्या पोस्टवर आहे," असं ती भाजीवाल्यालासुद्धा सांगायची. प्रत्यक्षात मी एका कंत्राटदाराच्या उपकंत्राटदाराचा माणूस होतो. गळ्यात पास, आणि काही भागांत गेलो तर सोबत एक सैनिक, अगदी संडासाच्या दारापर्यंत. हे मी आईला कधी सांगितलं नाही. तिला अभिमान वाटत होता, आणि मलाही थोडा वाटायला लागला होता.

तळावर बिनखिडक्यांच्या इमारती होत्या. आतल्या पडद्यांवर दुसऱ्या देशांतले डोंगर, रस्ते आणि चालती माणसं दिसतात, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नसे. मला त्या इमारतींची एकच गोष्ट ठाऊक असायची, ती म्हणजे आतलं तापमान. ते जरा वर सरकलं की माझा फोन वाजायचा. जेवत असलो तरी ताट तसंच ठेवून पळायचं. माणसं झोपतात तिथला एसी बंद पडला तर दुपारपर्यंत चालायचं. त्या पडद्यांना उकडता कामा नये.

अमेरिकन सरकारचं वर्ष सप्टेंबरअखेर संपतं. मंजूर झालेला पैसा खर्च झाला नाही तर पुढच्या वर्षी कमी मिळतो, म्हणून सप्टेंबरात तळावर नुसती घाई उडायची. चांगले चालणारे कॉम्प्रेसर काढून नवे बसवायचे. काढलेल्यांपैकी काहींवरचं कंपनीचं प्लास्टिकसुद्धा पुरतं निघालेलं नसायचं. पहिल्या वर्षी मला ते बघवलं नाही. आमच्या घरात बिघडलेला मिक्सर तीनदा दुरुस्त होतो. दुसऱ्या वर्षी मी कामाची यादी ऑगस्टमध्येच तयार ठेवली. शाबासकी मिळाली.

युद्धाच्या बातम्या आम्ही कॅन्टीनमध्ये पगारवाढीच्या बातम्यांसारख्या ऐकायचो. सैन्य वाढवणार म्हटलं की ओव्हरटाइम. कमी करणार म्हटलं की ताटं अर्धी टाकून माणसं उठायची. आमचा स्टोअरकीपर रत्नागिरीचा होता. तो टीव्हीकडे हात उडवून म्हणायचा, "अरे जेवा, जेवा. काय खलास होत नाय. ह्यांची लढाई म्हणजे आपल्या मुंबई-गोवा हायवेचा काम हाय. संपवला तर कंत्राटदार खाणार काय?" आम्ही सगळे हसायचो. पुण्यातला आमचा नवा फ्लॅट, बायकोचं ऑपरेशन, मुलीची शाळा, सगळं त्या हसण्यातून आलेलं आहे. एकदा अफगाणिस्तानातून सैन्य काढण्याचा बेत बारगळल्याची बातमी आली, तेव्हा मी संध्याकाळी घरी येताना अल मन्सूऱ्याच्या कोपऱ्यावरून जिलबी आणली. बायकोनं विचारलं, "आज काय?" मी म्हणालो, "काही नाही, सहज." तेव्हा ते खरंच सहज वाटलं होतं.

त्या मुलाचं शिक्षण संपलं तेव्हा मी सुट्टीवर घरी होतो. दुपारची वेळ. आई गच्चीत सावलीला मेथी निवडत बसली होती. तो माझ्याजवळ येऊन कठड्याला टेकून उभा राहिला.

"दादा, एक विचारू? काबूलला अमेरिकनांच्या इमारती सांभाळणाऱ्या कंपनीत जागा आहे. जनरेटर, एसी, तुमचंच काम. वडील म्हणतात ये. इथले सर म्हणतात एम.टेक. कर, आणखी दोन वर्षं राहा. तुम्ही त्या लोकांना आतून बघता. ते तिथं राहतील का?"

आतून, हा शब्द मला आवडला. मी सांगायला हवं होतं, की बाबा रे, मला आत कोणी घेत नाही, मी भिंतीच्या बाहेर उभा राहून आतला गारवा मोजतो. त्याऐवजी मी कठड्यावरच्या धुळीत बोटानं नकाशा काढला. गारवा करणारी मोठी यंत्रं, चिलर, कुठं आहेत, काँक्रीटचे चौथरे किती जाड आहेत, पाइप जमिनीखालून कसे नेलेत. भाड्याची यंत्रं नाहीत, पंचवीस वर्षं चालावीत अशी बसवलेली आहेत. "ज्याला निघून जायचं असतं ना, तो तंबूत कूलर लावतो. चौथरा ओतत नाही," मी म्हणालो. "ते जाणार नाहीत. तू बिनधास्त जा."

आई मेथीची जुडी झटकत म्हणाली, "ऐक हो त्याचं. त्याला आतलं माहीत असतं."

यंत्र बघून मालकाची नियत ओळखायची, ही आम्हा मेंटेनन्सवाल्यांची सवय. एरवी ती चुकत नाही. बेअरिंग कोणत्या दर्जाचं टाकलंय यावरून कारखाना विकायला काढलाय का टिकवायचाय, हे कळतं. पण तो विचारत होता काबूलबद्दल आणि मी बोलत होतो कतारबद्दल. दोन्हीकडे तेच लोक, म्हणून मला दोन्ही एकच वाटलं. ज्या देशात बसून लढायचं तिथं चौथरे ओततात, ज्या देशात लढायचं तिथं नाही, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. कतारमधले ते चौथरे अजून तसेच आहेत. त्यांच्याबद्दल मी बरोबर होतो.

तो गेला. पहिली काही वर्षं बरी गेली. व्हॉट्सॲपवर कंडेन्सरचे फोटो पाठवायचा, "दादा, हा आवाज ऐका, पंखा आहे का मोटर?" त्याचं लग्न झालं. त्याला आधी मुलगा आणि मग मुलगी झाली, तेव्हा दोन्ही वेळा आईनं कुरिअरनं झबली-टोपडी पाठवली. बाळाचा त्या झबल्यातला फोटो आईनं फ्रिजवर लावला.

मग दोह्यातच वाटाघाटी सुरू झाल्या. अमेरिकनांच्या आणि तालिबानच्या. समुद्राकडच्या एका हॉटेलात. आमच्यासाठी त्या म्हणजे रस्त्यावर अडवलेल्या गाड्या. आधीच मेट्रो आणि वर्ल्ड कपसाठी अख्खं शहर खणलेलं, त्यात हे. मी एका सिग्नलला अडकलेलो असताना त्याचा फोन आला.

"दादा, तुमच्या गावात आमचा निकाल लागतोय म्हणे."

"अरे नुसत्या गप्पा आहेत. अशा किती झाल्या."

"तुम्हाला काही कळलं तर सांगाल?"

"सांगेन ना."

"आतलं काही," तो म्हणाला आणि हसला. मी पण हसलो. समोरून काळ्या गाड्यांचा ताफा गेला आणि सिग्नल सुटला.

पुढं काय झालं ते जगाला माहीत आहे. त्या ऑगस्टमध्ये काबूल पडलं आणि तिथून निघालेली विमानं आमच्या तळावर उतरायला लागली. ज्या हँगरमध्ये विमानं दुरुस्त होतात तिथं माणसं ठेवली. हँगरचं दार म्हणजे एखाद्या इमारतीएवढं. ते सारखं उघडं, बाहेर चाळिशीच्या वरचं ऊन, आणि आत माणसं मावत नव्हती. आम्हाला सांगितलं, जे मिळेल ते लावा. आम्ही फिरते कूलर आणले, गार हवा नेणारे पिवळे लवचिक डक्ट जमिनीवरून सोडले. लोकांनी अंगावर सगळे कपडे चढवले होते, एकावर एक, कारण बॅग घेऊ दिली नव्हती. त्या कपड्यांत ते घामानं निथळत होते आणि काढायला तयार नव्हते. बायका डक्टच्या तोंडाशी लेकरं झोपवायच्या. इतकी वर्षं मी त्या तळाला गारवा पुरवत होतो, आणि माणसांपुरता गारवा माझ्याकडे नव्हता. मी डक्ट ओढत पुढं जायचो आणि प्रत्येक तरुण माणसाचा चेहरा बघायचो.

तो तिथं नव्हता. तो काबूलच्या विमानतळाच्या गेटबाहेर होता, बायको आणि दोन मुलांसह, एका सांडपाण्याच्या नाल्याच्या कडेला. त्याचे मेसेज येत होते. "दादा, कागद आहेत. कंपनीचं ओळखपत्र आहे. गेटवरचा बघतच नाही. तुमच्याकडचा कोणी एक नाव कळवेल का?" मग, "दादा, गर्दी वाढतेय." मग, "काकू म्हणाल्या तुम्ही करालच." आईनं त्याला पुण्याहून फोन करून सांगितलं होतं.

आणि कळवू शकेल असा एक माणूस होता. आमच्या कामावर देखरेख करणारा अमेरिकन, सैन्यातून निवृत्त झालेला, ढेरपोट्या, गप्पिष्ट. आईच्या हातचा चिवडा त्याला फार आवडायचा. डबा रिकामा करून वर शेंगदाणे शोधायचा. काबूलला त्यानं नोकरी केली होती, त्याचे जुने सोबती अजून तिथं होते. मी रोज सकाळी त्याच्यासमोर उभा राहत होतो.

मी विचारलं नाही.

बायको म्हणाली, "अहो, बोललात का त्याच्याशी?"

"किती गडबड आहे तिथं. त्याला मान वर करायला वेळ नाही."

"एक वाक्य तर बोलायचंय."

"आपण कधी कोणाकडे शब्द टाकलाय का?"

आमच्या घरात हे मोठ्या मानाचं समजलं जातं. माझ्या वडिलांनी माझ्या कॉलेजच्या प्रवेशासाठी ओळख असूनही शब्द टाकला नव्हता, आणि हे आम्ही पाहुण्यांना कौतुकानं सांगायचो. मी त्या मोठेपणाच्या मागं जाऊन लपलो. खरं कारण पास होता. माझा पास नव्यानं मिळायचा होता, आणि त्याच्या अर्जात विचारलेलं असतं, की अमुक देशांतल्या लोकांशी तुमचे संबंध आहेत का. इतकी वर्षं मी नाही म्हणत आलो होतो. आता त्या मुलासाठी बोललो तर हे नातं कुठून आलं, असं कोणी विचारेल, पास अडेल, स्टेडियमची कामं संपत आलेली, आमच्यासारखे शेकडो जण परत जात होते. मुलीची बारावी तोंडावर होती. हे सगळं मी तेव्हा एवढं नीट मांडलं नव्हतं. तेव्हा सकाळ झाली की त्या माणसासमोर मी फक्त डक्टबद्दलच बोलायचो. एका सकाळी तोच म्हणाला, "चेहरा का उतरलाय? घरी सगळं ठीक?" मी म्हणालो, "ठीक. उकडतंय फक्त."

शेवटी विचारलं. त्या दिवशी हँगरमध्ये एक लहान मुलगी माझी पँट धरून उभी राहिली होती, तिची आई हरवली होती, आणि ती सापडेपर्यंत मी तिला कडेवर घेऊन फिरलो. तिला खाली ठेवलं आणि तसाच चालत त्या अमेरिकनाच्या केबिनमध्ये गेलो. सगळं बोलून टाकलं. तो उठून उभाच राहिला.

"तो तुझ्या घरी राहायचा? तुझ्या आईच्या घरी?"

"हो."

"मग परवा का नाही बोललास? परवा माझा माणूस त्या गेटवर उभा होता. स्वतः. मी एक हाक मारली असती." त्यानं टोपी काढून टेबलावर टाकली. "आता त्याला हलवलंय तिथून. बघतो. फोटो पाठव कागदांचे."

त्यानं प्रामाणिकपणे धडपड केली. माझ्या देखत फोन लावत राहिला. पासबद्दल तो एक अक्षरही बोलला नाही, ना तेव्हा, ना नंतर. कोणीच काही विचारलं नाही. ज्याला मी घाबरत होतो ते घडायचंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी काबूलच्या गेटवर स्फोट झाला. पुढं काही दिवसांत शेवटचं विमान निघालं. माझ्या मेसेजपुढं एकच टिक येत राहिली.

आई रोज फोन करायची. "आला का रे तो?" टीव्हीवर तिला विमानं दिसत होती, गच्च भरलेली, आणि ती कतारला उतरतात हेही सांगत होते. मी एक दिवस म्हणालो, "अजून नाही." पुढच्या दिवशीही तेच म्हणालो. मग मला तिचा आवाज ऐकवेना. मी म्हणालो, "आला आई. सगळे सुखरूप. पुढं अमेरिकेला पाठवलं त्यांना."

आईनं गल्लीत पेढे वाटले.

एवढ्यावर थांबलं असतं तर कदाचित मी निभावून नेलं असतं. पण आई वाट बघायला लागली. "फोन का करत नाही तो?" नवा देश, नवा नंबर, वेळ उलटी, मी काहीबाही सांगायचो. दिवाळी गेली, संक्रांत गेली. एकदा ती म्हणाली, "विसरला बरं का आपल्याला. अमेरिकेत गेले की सगळे असेच. मला वाटलं होतं हा तसा नाही." फ्रिजवरचा झबल्यातला फोटो तिनं काढून ठेवला. मी ते ऐकून घेतलं. त्याच्यावर येऊ नये ती वेळ येऊ दिली होतीच; आता आईच्या मनातली त्याची जागाही मीच काढून घेतली. नाही आई, तो तसा नाही, एवढंसुद्धा माझ्या तोंडून निघालं नाही. काही महिन्यांनी मी ती एकुलती टिक बघायचंही सोडलं. बघितली नाही की दिवस सरळ जायचा.

माझा पास मिळाला. तरी मी तळावरचं काम सोडलं आणि कंपनीला सांगून स्टेडियमवर बदली मागितली. निघताना त्या अमेरिकनानं हात हातात धरून ठेवला. त्याला वाटलं मी दुःखामुळं जातोय. स्टेडियमवर मी रिकाम्या खुर्च्यांखालच्या गार हवेच्या जाळ्या तपासत फिरायचो. शहर नटायला लागलं होतं. इमारतींवर खेळाडूंची चित्रं, दिव्यांच्या खांबांवर झेंडे. आरतीला आता लोक म्हणायचे, "केलंत बुवा गार!"

स्पर्धेच्या गर्दीआधी आई महिनाभर आमच्याकडे आली होती. शुक्रवारची सकाळ. बायको मुलीला घेऊन बाहेर गेलेली. मी खाली वाण्याकडे कोथिंबीर आणि नारळ आणायला गेलो. परत आलो तर आई बाल्कनीच्या दाराशी खुर्चीत बसली होती, मोबाइल मांडीवर.

"त्याचा फोन येऊन गेला," ती म्हणाली. "व्हिडिओवर."

मी पिशवी हातातच धरून उभा राहिलो.

"माझा नंबर पाठ होता म्हणाला. बाकी सगळं गेलं. मी आधी ओरडलेच त्याला. म्हटलं, काय रे, अमेरिकेत जाऊन बसलास आणि काकूला विसरलास? वर्ष झालं." ती थांबली. "तर म्हणाला, चुकलं काकू. कामात राहून गेलं. माफ करा."

"आई..."

"ऐक. मी म्हटलं, बायको कशी आहे, तर म्हणाला मजेत. पोरं? मजेत. म्हटलं, तिकडं आत्ता रात्र असेल ना रे? तर म्हणाला, हो काकू, रात्रच आहे." आईनं पदरानं मोबाइलची काच पुसली, उगाचच. "आणि त्याच्या तोंडावर ऊन पडलं होतं. डोळे बारीक करून बोलत होता उन्हानं. मागं मातीची भिंत. वाळून गेलाय पार."

मी पिशवी खाली ठेवली.

"त्याला काय माहीत मला तू काय सांगितलंयस? पण माझ्या एका वाक्यावरून ओळखलं त्यानं. आणि तुझी अब्रू राखली. माझ्यासमोर." मग ती म्हणाली, "मी त्याला नको नको ते बोलले. त्यानं माफी मागितली माझी. त्यानं."

मी तिला सांगितलं. पास, शब्द न टाकणं, परवा आणि आज, पेढे. उभ्यानंच सांगितलं. सगळं झाल्यावर तिनं मोबाइल माझ्यापुढं धरला.

"लाव फोन. आणि हे त्याला सांग. मला सांगून काय उपयोग?"

त्यानं लगेच उचलला. "दादा!" असा ओरडला, की आईलाही ऐकू गेलं; मी फोन स्पीकरवरच टाकला. पाकिस्तानात, क्वेट्ट्यात होता. डोंगरातून पायी गेले होते. एका पंक्चरवाल्याकडे काम करत होता. मी म्हणालो, "मी विचारायला उशीर केला. माझा पास जाईल म्हणून घाबरलो. रोज तो माणूस समोर होता आणि मी विचारलं नाही. मी वेळेवर बोललो असतो तर तू निघाला असतास." मग त्यानं अगदी हळू विचारलं, "दादा, आता विचारता येईल का?"

"नाही," मी म्हणालो. "मी तिथं नाही आता. आणि होतो तेव्हाही मला आतलं काही माहीत नव्हतं. गच्चीत तुला सांगितलं तेव्हाही नव्हतं."

तो म्हणाला, "बरं."

आईनं माझ्या हातातून फोन घेतला. तिचा आवाज एकदम करडा झाला, पूर्वी जिन्यातून हाक मारायची तसा. "हे बघ, अमेरिका-बिमेरिका राहू दे. तू घरी ये. पुण्याला. बायकोपोरांना घेऊन."

"काकू, तुमच्याकडचा व्हिसा बंद आहे आम्हाला."

"कोण म्हणतं? आपल्या गल्लीत ते पासपोर्ट ऑफिसातून रिटायर झालेले आहेत. मी गेल्या गेल्या बोलते त्यांच्याशी. होईल. नक्की होईल. ऐकतोयस ना?"

त्या निवृत्त गृहस्थांच्या हातात काही नाही, हे मला माहीत होतं. आईला बहुतेक माहीत नसावं. त्याला माहीत होतं. एवढं ऊन तोंडावर घेऊन ज्या मराठीत रात्र आहे म्हणाला होता, त्याच समजूतदार, सावकाश मराठीत तो म्हणाला, "हो काकू. होईल."